तारखेचा रकाना

रोह्याच्या ज्या कंपनीत मी कामाला होते, तिथे तारीख कुलपात ठेवलेली असायची. गंमत नाही करत. हेडक्लार्कच्या टेबलाचा उजव्या हाताचा वरचा खण, त्याला पितळी कुलूप, आणि आत निळ्या शाईच्या पॅडशेजारी तारखेचा रबरी शिक्का. बाहेरून आलेल्या कागदावर तो शिक्का बसला की कागद आला. नाही बसला तर समोर टेबलावर पडलेला असला तरी तो आलेला नसायचा. हेडक्लार्कना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. त्यांच्याखेरीज त्या शिक्क्याला कुणी हात लावलेला मी पाहिला नाही. जेवायला उठले तरी खण बंद करून उठायचे. किल्ली जानव्याला.

मी कंप्युटरवर होते. पेणला तेव्हा नुकताच कंप्युटरचा एक क्लास निघाला होता. दोन मशीनं आणि ती चालवायला आसुसलेली वीस पोरं. तिथे सहा महिने घालवून मी सर्टिफिकेट आणलं आणि त्या जोरावर मला ही नोकरी लागली. कंपनी रंगाची, एमआयडीसीतली, तिचं नाव लिहिण्यात आता अर्थ नाही. साहेबांपासून शिपायापर्यंत कुणालाच त्या यंत्रातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे माझा भाव भलताच वधारला. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशातला प्रकार. पण तेविसाव्या वर्षी आपण लंगडे आहोत हे गायीला कुठे ठाऊक असतं.

मशीन मुंबईच्या ऑफिसनं वापरून टाकलेलं होतं. त्याला स्वतःचं घड्याळ नव्हतं. बंद केलं की ते तारीख विसरायचं, आणि सकाळी चालू केलं की पडद्यावर लिहायचं, आज १ जानेवारी १९८०. त्याच्याच खाली विचारायचं, खरी तारीख काय? आपण तारीख टाइप करून एंटर मारायचं. नुसतंच एंटर मारलं तर ते निमूटपणे १९८० धरून दिवसभर काम करायचं. पहिल्या दिवशी मी तारीख घातली, क्लासमध्ये शिकवली होती तशी. साडेदहाला अण्णा आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"ही तारीख कुणी घातली?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"अहो अण्णा, कॅलेंडरवर आहे की."

"कॅलेंडर भिंतीवर असतं. या ऑफिसात तारीख मी घालतो."

चार माणसांसमोर बोलले. मी साहेबांकडे बघितलं, तर साहेब म्हणाले, अण्णा सीनियर आहेत, त्यांचं ऐकायचं. त्या दिवसापासून मी सव्वानऊला यायचे, मशीन चालू करायचे, आणि पडदा १९८० दाखवत तसाच राहायचा. साडेदहाला अण्णा यायचे, चष्मा पुसायचे, एका बोटानं एकेक आकडा शोधून तारीख घालायचे. मी बाजूला उभी. तो सव्वा तास मी रोज फुकट घालवायचे आणि रोज मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचे. बाईमाणसानं लिहू नयेत अशा शिव्या होत्या त्या.

दुसऱ्या वर्षी भरती निघाली. चौदा जागा, कायमच्या. त्याआधी गावागावांतली माणसं गेटवर येऊन बसली होती, की बाहेरची माणसं भरता, आम्हांला धूर आणि वास तेवढा देता. मग बैठक झाली आणि तिच्यात एक नियम ठरला. ज्याचा अर्ज आधी, त्याचा नंबर आधी. माणूस दहावी पास हवा आणि रुजू व्हायच्या दिवशी तिशीच्या आत हवा. बाकी काही बघायचं नाही. साहेब म्हणाले, यादी माणूस काढणारच नाही, कंप्युटर काढेल, कंप्युटरला काका-मामा नसतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कंप्युटरला काका-मामा नसले तरी कंप्युटरवर बसणारीला एक भाऊ होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. वडील मिठागरावर होते, दादाही दहावी झाल्यावर तिथेच गेला. पुढे समुद्राचा बांध फुटला तो कुणी बांधलाच नाही, मिठागर बसलं, वडीलही गेले. दादा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात लागला. हात चांगला होता त्याचा. सुरुवातीला पीतांबर रंगवायचा, मग आखणीवर बसवलं त्याला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत अवघड काम. पण गणपती गेले की पुढच्या साच्यांना सुरुवात होईपर्यंत हात बांधून बसायचं, आणि दादाला ते बसणं खायला उठायचं. येत्या दत्तजयंतीला त्याला तीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही भरती त्याची पहिली आणि शेवटची. घरात आम्ही तिघंच, आई, दादा आणि मी. बोलून कुणी दाखवत नव्हतं, पण तिघांनाही हे पक्कं माहीत होतं.

अर्ज घ्यायला सुरुवात झाली तो ज्येष्ठातला दिवस. कारखान्यात तेव्हा मान वर करायला फुरसत नसते, मालक कुणाला सोडत नाही. दादा भांडून सुट्टी घेऊन आला. पेणहून पहिली एसटी पकडून माझ्याही आधी रोह्याला पोचला. मी गेटवर आले तर हा उभा, इस्त्रीचा शर्ट, आणि नखांत शेंदरी रंग. त्याचा अर्ज पहिला. अण्णांनी खण उघडला, शिक्का पॅडवर दाबला आणि अर्जावर ठोकला. "एक नंबर आहेस रे," असं तोंडानंही म्हणाले. दादा त्या शिक्क्याकडे बघत राहिला. मूर्तीचा डोळा बरोबर बसला की बघायचा तसा.

अर्ज मी मशीनमध्ये भरत गेले. नाव, गाव, शिक्षण, जन्मतारीख. महिन्याभरानं साहेबांनी विचारलं, "यात कोण आधी आलं हे कसं कळणार?" कळणार नव्हतं. मी माहितीचं टेबल, म्हणजे मशीनमधला तक्ता, बनवताना तो रकानाच ठेवला नव्हता. शरमले मी. रात्रीची झोप उडाली वगैरे काही नाही, पण दुसऱ्या दिवशी बसून मी नवा रकाना काढला, अर्ज कधी दाखल झाला त्याचा. तोवरच्या अर्जांच्या तारखा शिक्के बघून स्वतः भरल्या. आणि पुढच्यांसाठी अशी युक्ती केली की अर्ज भरला की मशीनच आपली त्या दिवशीची तारीख त्या रकान्यात टाकेल. भरणाऱ्याला तो रकाना पडद्यावर दिसणारसुद्धा नाही. दिसलाच नाही तर कोण बदलणार? साहेबांनी पाठ थोपटली. त्या शाबासकीनं मी अशी फुगले होते की आठवड्याभर एसटीत खिडकीची जागा मिळाली नाही तरी मला काही वाटलं नाही.

मग गणपती आले. अण्णांचा गणपती गावी, दहा दिवसांचा. ते रजेवर गेले आणि किल्लीही त्यांच्याबरोबर गेली. जाताना म्हणाले, "आलेले अर्ज घेऊन ठेव. शिक्के आल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी मी मशीन चालू केलं. आज १ जानेवारी १९८०. खरी तारीख काय?

आता खरं सांगते. मी घाबरले नव्हते. साहेब त्यांच्या खोलीत, अण्णा त्यांच्या गावी, कोण बघत होतं? सहा आकडे टाइप करायचे होते. पण मला त्या चार माणसांसमोरचं बोलणं आठवलं आणि टाळकं फिरलं. या ऑफिसात तारीख तुम्ही घालता ना? मग घाला. मी नुसतं एंटर मारलं. दुसऱ्या दिवशीही मारलं. गणपतीच्या सुट्ट्या सोडून सात सकाळी मी १९८० डोळ्यांनी वाचलं आणि एंटर मारलं. प्रत्येक वेळी बरं वाटलं. अण्णा येतील, मग मी सगळ्यांसमोर विचारीन, आता कसं? असं काहीतरी मनात होतं.

त्या सात दिवसांत पंधरा अर्ज आले. नेमके तेव्हाच का, तर गणपती घरोघर पोचले होते आणि कारखान्यातली माणसं मोकळी झाली होती. हमरापूरचे सात-आठ जण तर दादानंच पाठवलेले. सीझन संपल्यावर त्यानं कारखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं, "जाऊन अर्ज टाका रे, माझी बहीण हाय तिथं, नीट भरून घेईल." मी नीट भरून घेतले. एकाचंही नाव चुकू दिलं नाही.

अनंतचतुर्दशी झाल्यावर अण्णा परत आले ते डबाभर खिरापत घेऊन. माझ्या हातावर पहिली चिमूट ठेवली आणि म्हणाले, "एकटीनं सांभाळलंस हो." माझा राग तिथेच विरघळला. त्यांनी एका बोटानं त्या दिवसाची तारीख घातली आणि काम पुढे सुरू झालं. बिनशिक्क्याचे पंधरा अर्ज गठ्ठ्यात गेले. मागच्या तारखेचा शिक्का मारणं नियमात बसत नाही, असं अण्णा म्हणाले. मी म्हटलं, कंप्युटरात तर आहेच. आहे काय हे उघडून बघायचं मला सुचलं नाही. विसरले म्हणा, आळस म्हणा.

दसऱ्यानंतर यादी काढायची ठरली. मी हुकूम दिला, तारखेप्रमाणे लाव आणि छाप. प्रिंटर करकरत सुरू झाला. यादीत फक्त नंबर, नाव आणि गाव छापायचं होतं. तारखा छापल्या की लोक वाद घालतात, असं साहेबांचं म्हणणं. मी पहिल्या ओळीवर दादाचं नाव बघायला वाकले. तिथे दुसरंच नाव होतं. दुसऱ्या ओळीवर नव्हतं, तिसऱ्यावर नव्हतं. दादा सोळावा होता. त्याच्या वर पंधरा नावं, आणि त्यांतली निम्मी हमरापूरची.

टेबल उघडलं. पंधराही जणांच्या पुढे ०१/०१/८०. मशीनच्या हिशेबी ते दादाच्या कितीतरी वर्षं आधी येऊन रांगेत उभे होते. दादा तेव्हा शाळेत होता.

त्या क्षणी यादी फक्त मी बघितली होती. साहेबांची सही व्हायची होती. पंधरा तारखा बदलायला एका ओळीचा हुकूम पुरला असता. गणपतीतली कुठलीही तारीख घातली असती तरी दादा पहिला आणि ते पंधरा जणही आपापल्या जागी, जिथे ते खरोखरच होते. त्यात खोटं काही नव्हतं. तरी मी हात आवरला. भावाचं नाव आहे, परस्पर काही केलं तर उद्या बोट दाखवतील, त्यापेक्षा सांगून सवरून करू. खरं करायला मी परवानगी मागायला गेले. आयुष्यात इतका मूर्खपणा मी दुसऱ्यांदा केला नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझा भाऊ कितवा आहे?"

"सोळावा."

"आणि तू म्हणतेस तसं केलं तर?"

"पहिला."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग हे तू बोलायलाच नको होतंस."

"पण साहेब, १९८० मध्ये ही कंपनी तरी होती का? तुम्हीच बघा."

अण्णांना बोलावलं. त्यांनी गठ्ठा सोडला, पंधरा अर्ज काढले, उलटसुलट करून बघितले. म्हणाले, "शिक्काच नाही. कधी आले हे मी कशाच्या आधारावर सांगू?" मी म्हटलं, तुम्ही गणपतीला गेला होतात तेव्हा आले, मी घेतले स्वतःच्या हातानं. तर म्हणाले, "तू त्याची बहीण आहेस, बाळ. तुझ्या शब्दाला कोण विचारतो?" हे ते प्रेमानं म्हणाले. आणि मग जाता जाता, अगदी सहज, "तारीख घालायची होतीस की तू. एवढं साधं काम."

मागच्या वर्षी मी घातली तेव्हा तुम्ही काय बोलला होतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा मी हजर होतो."

साहेबांनी सही केली. चौदा नावांखाली आडवी रेघ मारली आणि यादी दुपारी गेटवर लागली. दादा रेघेच्या खाली दुसरा. पुढची भरती निघायला दोन वर्षं गेली. तोवर दादाला बत्तिसावं लागलं होतं.

संध्याकाळी एसटीत मी ठरवत होते काय सांगायचं. नागोठण्याला गाडी अर्धा तास खोळंबली, तरी ठरेना. घरी गेले तर दादा ओटीवर बसून ब्रश धूत होता. त्याच्या कानावर आलंच होतं. हमरापूरचा एक जण यादी बघून थेट आमच्याकडे आला होता, आनंदानं, दादाचंही नाव वर असणार असं धरून.

"काय झाला गो?" दादानं विचारलं. "माझा अर्ज तर पयला व्हता."

आई दारात उभी होती. मी म्हटलं, "मशीनची बॅटरी गेली होती. गणपतीत. त्यामुळं तारखा चुकल्या."

"तू बरोबर लिवलंवतंस ना?"

"हो."

"मंग तुझा काय दोष हाय." त्यानं ब्रश पाण्यातून काढला आणि बोटांनी त्याचं टोक नीट केलं. "मशीनचं काय खरं नाय."

बॅटरी हा शब्द माझ्या तोंडी कुठून आला देव जाणे. बहुतेक दादाला कळेल असा तो एकच भाग होता त्या सगळ्यात. अण्णांचं नाव सांगता आलं असतं, आणि मी एरवी सोडलं नसतं त्यांना. पण अण्णांचं नाव घेतलं असतं तर दादानं पुढचं विचारलं असतं, अण्णा नव्हते तर तारीख कोण घालत होतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. एंटर मी मारलं होतं, रुसून, सात वेळा.

दिवाळीनंतर ते चौदा जण रुजू झाले. त्यांतले दोघे दादाशेजारी बसून रंग लावायचे. पेढे घेऊन आले. दादानं पेढा खाल्ला, एक आईला दिला, एक मला. मी तो तसाच फळीवर ठेवून दिला. त्या दोघांचं काही वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं, चांगली पोरं होती. पण पुढे पेणच्या स्टँडवर ती कंपनीच्या निळ्या कपड्यांत शिफ्टच्या गाडीची वाट बघताना दिसली की मी पलीकडच्या बाजूनं जायचे. दादा मात्र त्यांच्याशी थांबून बोलायचा. कुणी कुजबुजलं, की बहीण आत असून भावाचं काम झालं नाय, म्हणजे हिनंच कुणाचं तरी ऐकलं असणार, तर तो अंगावर जायचा. "बॅटरी गेली व्हती मशीनची. माझ्या बहिणीची चूक नाय ती." अजूनही सांगतो. पोरं मोठी झाली त्याची, अजून आखणीलाच बसतो, डोळ्यांना आता चष्मा आलाय, पण कुणी विषय काढला की हे वाक्य ठरलेलं.

मी ती कंपनी पुढे सोडली. त्यानंतर जिथे जिथे काम केलं तिथे टेबल बनवताना पहिला रकाना तारखेचा काढला. लोक म्हणायचे, बाई फार शिस्तीच्या. शिस्त कसली डोंबलाची!

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीचं, दत्तजयंतीच्या आदल्या दिवसाचं. रविवार होता. दादा पेणच्या बाजारात गेला होता, तो दुपारी परत आला. दुसऱ्या दिवशी त्याला तीस पूर्ण होणार होती आणि घरात कुणी त्याबद्दल अक्षर काढत नव्हतं. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. जड लागली. उघडली तर बॅटरीचे दोन सेल, टॉर्चला घालतात ते.

"मोठं घेतलं," तो म्हणाला. "बारकं लवकर उतरतात. तुझ्या त्या मशीनमधी घाल गो. पुढल्या यादीला कुनाचा तरी असा व्हायला नको."

त्या मशीनला बॅटरी घालायला जागाच नव्हती. मी "घालते" म्हटलं आणि ते सेल पर्समध्ये ठेवले.